भरवशाची गाडी

पहाटेचा अंधार अजून विरलेला नसतो. आसाममधील तेजपूरच्या वाहनतळावर उंच बांध्याच्या गाड्या ओळीने उभ्या असतात. छपरावर ट्रंका, वळकट्या आणि भाजीची पोती दोरांनी आवळली जात असतात. अरुणाचल प्रदेशातील तवांगला निघालेले प्रवासी हातातला चहा संपवून आपापली जागा शोधू लागतात. कोणी विचारतो, ‘‘तवांगची सुमो कोणती?’’ ईशान्य भारताच्या डोंगराळ भागात ‘सुमो’ हे केवळ एका गाडीचे नाव राहिलेले नाही. ठरावीक भाडे घेऊन माणसांना गावोगावी पोहोचवणाऱ्या सामायिक गाडीलाच तेथे सुमो म्हणतात. मिझोरामच्या ऐझॉल शहरात या गाड्यांची तिकिटे देणारी दुकानेही सुमोची काउंटर म्हणूनच ओळखली जातात.

प्रवासी बसण्यापूर्वी जाणता मालक एक काम न चुकता करतो. बॉनेट उघडून तो इंजिनातील तेलाची पातळी दाखवणारी पट्टी बाहेर काढतो, फडक्याने पुसतो, पुन्हा आत घालतो आणि बाहेर काढून दिव्याच्या उजेडात निरखतो. मग रेडिएटरचे पाणी पाहतो, चारही चाकांभोवती एक फेरी मारतो आणि खाली वाकून गाडीच्या पोटाखालच्या जमिनीवर कोठे ओल पडली आहे का, हे बघतो. या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. पुढचा दिवसभराचा रस्ता मात्र चढ-उतारांचा आणि अरुंद वळणांचा असतो. गाडीत बसलेल्यांपैकी बहुतेकांना या दहा मिनिटांची कल्पनाही नसते. पण त्यांची सुरक्षितता तिथूनच सुरू होते.

उंच, दणकट आणि कच्च्या रस्त्यावरही चालू शकणाऱ्या गाड्यांना एसयूव्ही म्हणण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. भारतातील सामान्य माणसाला या प्रकारच्या ज्या गाड्यांची ओळख झाली, त्यांत टाटा सुमोचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘टेल्को’ या कंपनीने ती १९९४ मध्ये बाजारात आणली. या कंपनीच्या जडणघडणीत मोलाचा वाटा असलेल्या सुमंत मुळगावकर यांच्या नावाची व आडनावाची इंग्रजीतील पहिली दोन-दोन अक्षरे जोडून तिला ‘सुमो’ हे नाव देण्यात आले. पुढे २००३ मध्ये टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले. सुमोचीही स्पेसिओ, व्हिक्टा, गोल्ड अशी नवनवी रूपे आली. अखेर २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजेच आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक सुमो ही जुनी गाडी आहे. शेतकरी, दुकानदार, लहान ठेकेदार, वडाप चालवणारे तरुण अशा अनेकांचा चरितार्थ अजूनही तिच्यावर चालतो. अशा मालकांचे अनुभव कोणत्याही जुन्या गाडीच्या बाबतीत उपयोगी पडावेत असे आहेत.

या मालकांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार येते. एकाच वर्षी घेतलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एक आठ-दहा वर्षांत खिळखिळी होते, तर दुसरी पंधरा वर्षांनंतरही घाट चढते. कारखाना एक, आराखडा एक, लोखंडही एकच. मग हा फरक कोठून येतो? गाडीची मूळ घडण चांगली असावी लागते, यात शंका नाही. पण तिचा भरवसा टिकतो तो तिला मिळणाऱ्या नियमित देखभालीने. भरवसा ही विकत घेऊन ठेवण्याची वस्तू नव्हे. विहिरीतील गाळाप्रमाणे तिच्याकडे वेळोवेळी लक्ष द्यावे लागते.

सुमोसारख्या गाडीची रचना समजून घेतली, तर हे अधिक स्पष्ट होईल. या गाडीच्या तळाशी शिडीच्या आकाराचा मजबूत पोलादी सांगाडा असतो. त्याला चॅसिस म्हणतात. इंजिन, गिअरपेटी आणि चाकांचे आस त्याच्या आधाराने बसवलेले असतात व वरची बैठकीची पेटी त्यावर बोल्टांनी घट्ट केलेली असते. मालमोटारीची रचनाही अशीच असते. त्यामुळे खड्ड्यांचा मार आणि माणसांचा भार हा सांगाडा सोसतो. जुन्या डिझेल इंजिनात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा फारशी नसल्यामुळे तालुक्याच्या गावातील मिस्त्रीही आवाजावरून दोष ओळखू शकतो. दुर्गम भागातील मालकांनी अशा गाड्या पसंत केल्या, त्याचे हे एक मोठे कारण होय. मात्र साधी रचना म्हणजे दुर्लक्ष खपवून घेणारी रचना, असा समज करून घेणाऱ्याला पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

गाडी कोठे चालते, यावर तिचे म्हातारपण कोणत्या बाजूने येणार हे ठरते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा व दमदार पाऊस यांमुळे लोखंडाला गंज चढतो. दाराच्या खालच्या कडा, चाकांवरील पत्रा, बैठकीखालचा तळ हे भाग आधी कुजतात. तेथील अनुभवी मालक पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला गंजरोधक लेप लावून घेतात आणि दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोके मातीने बुजू देत नाहीत. मराठवाड्याच्या किंवा राजस्थानच्या कोरड्या भागात शत्रू असते ती धूळ. ती इंजिनाच्या हवागाळणीत साचते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली उतरतो, तेव्हा साध्या डिझेलमधील मेणासारखे घटक घट्ट होऊ लागतात आणि इंधनाची वाट अडते. २०१९ मध्ये तेथे खास हिवाळी डिझेल उपलब्ध होऊ लागले, ते याच अडचणीवर उपाय म्हणून. ईशान्येच्या डोंगरात सर्वाधिक ताण पडतो तो क्लच आणि ब्रेक यांवर. म्हणून दुसऱ्या प्रांतातून जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ती किती किलोमीटर चालली एवढेच न विचारता कोणत्या मुलखात चालली, हेही विचारले पाहिजे.

देखभालीचा पहिला धडा तेलाचा. इंजिनातील तेल फिरणाऱ्या भागांमधील घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचे सूक्ष्म कण आपल्यात सामावून घेते. डिझेल इंजिनात नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे पडते. तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. पण पातळी सारखी खाली जात असेल, तर तेल कोठेतरी गळते आहे किंवा जळते आहे, असे समजावे. तेल दुधाळ दिसू लागले, तर त्यात पाणी मिसळल्याचा तो इशारा असतो. ‘आणखी हजारभर किलोमीटर चालून जाईल’ या विचाराने तेल बदलणे लांबणीवर टाकणाऱ्याचे थोडे पैसे आज वाचतात; पण उद्या संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते.

दुसरा धडा पाण्याचा. अनेक मालक रेडिएटरमध्ये विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी ओततात. चहाच्या पातेल्याच्या तळाशी जसा पांढरा थर साचतो, तसाच थर त्या पाण्यातील क्षारांमुळे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो. उन्हाळ्यात घाट चढताना काटा वर जातो आणि मालक इंजिनाला दोष देतो. शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेले शीतकद्रव्य, म्हणजेच कूलंट, वापरले तर गंज व थर दोन्ही टळतात. इंजिन तापले असता रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे तर प्रत्येकाने ध्यानात ठेवले पाहिजे. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे झाकण सैल होताच ते उसळते आणि चेहरा व हात भाजतात.

गाडी आपल्या प्रकृतीची खबर धुरातूनही देते. धूर सतत काळा असेल, तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे. हवागाळणी आणि इंधन फवारणारे नोझल तपासावेत. धुराला निळसर छटा असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा झडपांची सीले झिजली असण्याचा संभव असतो. थंडीत गाडी सुरू करताना थोडा वेळ पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. पण तो थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर पाणी इंजिनाच्या आत शिरत आहे, असा संशय घ्यावा. जाणता मिस्त्री गाडीला हात लावण्यापूर्वी धूर पाहतो, तो यासाठीच.

यानंतर येतो तो ब्रेकचा प्रश्न, आणि तेथे चुकीला क्षमा नसते. ब्रेकचे पेडल दाबल्यावर तो दाब नळ्यांतील ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते. जसजसे त्यात पाणी वाढते, तसतसे ते कमी तापमानाला उकळू लागते. रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावरील आंबा घाट असो किंवा सुमारे १३,७०० फूट उंचीच्या सेला खिंडीचा उतार असो, उतरणीवर ब्रेक सतत दाबून धरला की चाकांजवळची उष्णता वाढते, जुने द्रव्य उकळते आणि नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही. वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पेडल एकाएकी मऊ लागते आणि गाडी थांबत नाही. म्हणून हे द्रव्य साधारणपणे दोन वर्षांनी बदलावे, असे सांगितले जाते. डोंगरातील चालक उतारावर खालचा गिअर ठेवतात व गाडीचा वेग इंजिनाकडूनच आवरून घेतात. सेलाचा बोगदा २०२४ मध्ये खुला झाला आणि खिंडीचा अवघड चढ टाळता येऊ लागला. पण डोंगरातले बाकीचे उतार आहेत तसेच आहेत.

रबराचे म्हातारपण डोळ्यांना चटकन दिसत नाही. पाण्याच्या नळ्या, पंख्याचे पट्टे, सांध्यांतील बुश आणि टायर हे सगळे रबराचे भाग गाडी उभी असली, तरी वयाने कडक होतात व त्यांना भेगा पडतात. ‘टायरची नक्षी अजून शिल्लक आहे’ एवढ्यावर विसंबणे योग्य नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. तिचे पहिले दोन आकडे वर्षातील आठवडा आणि शेवटचे दोन आकडे वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, ‘२३१९’ ही खूण म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. ज्याला ही खूण वाचता येते, त्याला जुना टायर नवा म्हणून विकणे दुकानदाराला कठीण जाते.

वापर कमी असलेली गाडी चांगली राहते, हाही एक गैरसमज आहे. महिनोन्‌महिने अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, टाकीत ओलावा धरतो, ब्रेक गंजून धरून बसतात आणि उंदीर बॉनेटखाली घरटे करून तारा कुरतडतात. अनेक मालकांना उंदरांच्या या उपद्व्यापाची किंमत मोजावी लागली आहे. म्हणूनच घरी उभी असलेली गाडीदेखील आठवड्यातून एकदा इंजिन पुरेसे तापेपर्यंत चालवून आणावी.

उत्पादन थांबलेल्या गाडीच्या मालकापुढे सुट्या भागांची अडचण असते. गाडीची संख्या मोठी असेल, तर तिचे भाग पुष्कळ वर्षे मिळत राहतात. परंतु त्यांत अस्सल मालाबरोबर नकली मालही असतो. मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील मायापुरी, कोलकात्यातील मल्लिक बाजार येथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात. आरसा, दाराची मूठ किंवा आसन असे भाग तेथून घेण्यास फारशी हरकत नसते. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि चाकांचे बेअरिंग यांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. घेतलेल्या भागाची पावती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पावतीशिवाय घेतलेला भाग पंधरा दिवसांत तुटला, तर दाद मागण्यासाठी हाती काहीच उरत नाही.

या सर्व अनुभवांचे सार एका साध्या वस्तूत सापडते. ती वस्तू म्हणजे गाडीच्या कप्प्यात ठेवलेली वही. तारीख, किलोमीटरचा आकडा, केलेले काम, बदललेला भाग आणि झालेला खर्च एवढ्याच नोंदी तिच्यात असतात. सुरुवातीला हे काम कंटाळवाणे वाटते. पण मिस्त्री जेव्हा म्हणतो, ‘‘क्लच प्लेट बदलावी लागेल,’’ तेव्हा ती आठ महिन्यांपूर्वीच बदलल्याचे वही सांगते. मग ‘इतक्या लवकर का गेली?’ हा योग्य प्रश्न मालकाला विचारता येतो. ज्याच्याजवळ नोंद नाही, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून पैसे मोजावे लागतात. लिहिता-वाचता येण्याचा व्यवहारातील उपयोग याहून ठळक कोठे दिसेल? गाडी विकण्याची वेळ आली, तर हीच वही तिच्या प्रकृतीचा दाखला ठरते आणि घेणाऱ्याचा विश्वास वाढवते.

दुरुस्ती कधीपर्यंत करावी आणि गाडी कधी सोडावी, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. तेथेही वहीच मदतीला येते. समजा, एका वर्षात गाडी १५,००० किलोमीटर चालली आणि देखभाल-दुरुस्तीवर ४५,००० रुपये खर्च झाले. हा खर्च दर किलोमीटरला तीन रुपये पडला. पुढच्या वर्षी ती १०,००० किलोमीटर चालली आणि खर्च ६०,००० रुपयांवर गेला, तर तोच दर सहा रुपये झाला. शिवाय गाडी जितके दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली, तितक्या दिवसांची कमाईही बुडाली. असे एखादे वर्ष गेले, तर तो योगायोग असू शकेल; सलग दोन-तीन वर्षे हाच क्रम राहिला, तर गाडी आता घराला पोसत नसून घर गाडीला पोसत आहे, हे ओळखावे. सांगाड्याला तडा गेला असेल किंवा डाग देऊन बुजवलेली जागा पुन्हा पुन्हा उसवत असेल, तर हिशोब मांडण्याचीही गरज नाही. तशा गाडीत माणसे बसवू नयेत.

या निर्णयात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. विमा आणि प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे जुन्या गाडीलाही चुकत नाहीत. जुन्या डिझेल गाड्यांच्या धुराचा त्रास गाडीबाहेरच्या माणसांनाही होतो, हे विसरून चालणार नाही. याच कारणाने दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढेही हा विषय न्यायालयापुढे येत राहिला. म्हणून जुनी गाडी घेण्यापूर्वी वा दुसऱ्या राज्यात नेण्यापूर्वी तेथील परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. गाडी मोडीतच काढायची झाली, तर २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत मोडीत-केंद्रात ती जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे. त्यामुळे आपल्या नावावरची गाडी किंवा तिचे क्रमांक दुसऱ्या कोणाच्या गैरकृत्यासाठी वापरले जाण्याचा धोका टळतो.

ज्या गाडीतून मुलगी सासरी गेली, आजारी माणूस मध्यरात्री रुग्णालयात पोहोचला, पहिल्या पिकाचे पैसे घरी आले, ती गाडी सोडताना मालकाचा जीव हळहळतो. ते साहजिकच आहे. तिची पंधरा वर्षे सेवा करणारा मालक आणि योग्य वेळी तिला निरोप देणारा मालक हे बहुधा एकच असतात, कारण दोन्ही गोष्टींसाठी गाडीकडे नीट पाहण्याची सवय लागते. तेजपूरच्या वाहनतळावर पहाटे तेलाची पट्टी पुसणाऱ्या मालकाला गाडीचे वय ठाऊक असते. आज ती घाट उतरू शकेल की नाही, हे तो रोज नव्याने तपासतो. तिच्यात काही वावगे आढळले, तर त्या दिवसाचे भाडे सोडून तो प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवतो. त्याच्या गाडीला लोक भरवशाची म्हणतात, त्यामागचे खरे कारण हेच आहे.